जमतंय की! ‘कॅन एबल टू’ची टिंगल आणि जोराची भूक

‘आय कॅन एबल टू डू’ हे इंग्रजी चूक आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाला वाटायला नको की चुकीला बरोबर ठरवायचा घाट घातलाय. ‘कॅन’ आणि ‘एबल टू’ हे एकाच कामाला लावलेले दोन गडी आहेत. एकाला कामावर घेतलं की दुसऱ्याला सुट्टी. ‘आय कॅन डू’ म्हणा किंवा ‘आय ॲम एबल टू डू’ म्हणा. विषय संपला. शिकवायला दोन मिनिटं लागतात.

मग ही दोन मिनिटांची गोष्ट पहिलीपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत, सोळा वर्षांत, आपण पोरांना का शिकवू शकलो नाही? आणि ती न शिकवता, ती चूक करणाऱ्याला हसायला मात्र इतक्या झटपट कसे शिकलो?

मी साताऱ्याकडचा. इंजिनिअरिंग सांगलीत केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. गेली काही वर्षं कामाचा भाग म्हणून फ्रेशर लोकांचे अर्ज वाचतो, इंटरव्ह्यू घेतो. कराड, इस्लामपूर, विटा, वाई, मिरज अशा पत्त्यांचे अर्ज आले की माझे डोळे आपोआप तिथे थांबतात. त्या अर्जांमध्ये ‘कॅन एबल टू’ हमखास सापडतं. ‘आय कॅन एबल टू वर्क अंडर प्रेशर.’ ‘आय कॅन एबल टू लर्न न्यू टेक्नॉलॉजी.’ शेजारच्या खुर्चीवरचा कुणीतरी त्याचा स्क्रीनशॉट काढतो, ग्रुपवर टाकतो, आणि खाली हसणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग लागते. त्या पोराचा कोड कुणी उघडूनसुद्धा बघितलेला नसतो.

माझं भांडण या रांगेशी आहे. आणि तितकंच भांडण ‘अर्थ कळला ना, मग झालं’ म्हणणाऱ्यांशीही आहे. दोघांनाही वाटतं की हा फक्त व्याकरणाचा प्रश्न आहे. मला वाटतं, हा जोराचा प्रश्न आहे. स्वतःला काहीतरी येतं हे परक्या भाषेत, परक्या माणसाला, एका ओळीत पटवून देण्याची वेळ आली की माणूस जोर शोधतो. एका शब्दाने पुरेल असं वाटत नाही, म्हणून दोन लावतो. ‘कॅन’ पुरेसं नाही, वर ‘एबल’ही ठोकून द्या. भिंत पडेल असं वाटलं की आपण एका टेकूशेजारी दुसरा टेकू लावतो, तसं.

चूक येते कुठून?

महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आलं ते 2000 साली. त्याआधी ते पाचवीला सुरू व्हायचं. म्हणजे आज तिशीच्या अलीकडे असलेले आम्ही मराठी शाळावाले लोक पहिलीपासून इंग्रजी शिकलेल्या सुरुवातीच्या तुकड्यांतले. शिकवण्याची रीत मात्र जुनीच राहिली: डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी, मध्ये बरोबरचं चिन्ह. शकणे बरोबर कॅन. भाषांतर पाठमालांच्या काळापासून ही रीत चालत आली आहे आणि ती सरसकट वाईट आहे असं मी म्हणणार नाही. पण ‘शकणे’ आणि ‘कॅन’ यांच्यामध्ये बरोबरचं चिन्ह टाकलं की गाडी तिथेच रुळावरून घसरते.

का, ते बघा. मराठीतलं ‘शकणे’ हे चांगलं हातपाय असलेलं क्रियापद आहे. शकतो, शकलो, शकेन, शकत होतो, शकणारा, शकत नसेल. सगळ्या काळांत चालतं. ‘कॅन’ मात्र लुळं आहे. त्याला भविष्यकाळ नाही, ‘टू कॅन’ असं मूळ रूप नाही, ‘कॅनिंग’ म्हटलं तर अर्थ डब्यात भरणं. जिथे जिथे ‘कॅन’ जाऊ शकत नाही, तिथे इंग्रजीने ‘एबल टू’ला बदली कामगार म्हणून ठेवलंय. ‘शकेन’ला ‘विल बी एबल टू’. ‘शकलो आहे’ला ‘हॅव बीन एबल टू’. ‘शकायला हवं’ला ‘शुड बी एबल टू’.

आता पाचवी-सहावीतलं पोरगं डोळ्यांसमोर आणा. त्याला ‘मी करू शकेन’ म्हणायचंय. ते लिहितं ‘आय विल कॅन डू’. बाई लाल शाईने ‘कॅन’ खोडतात, वर ‘बी एबल टू’ लिहितात आणि पुढच्या वहीकडे वळतात. वर्गात साठ वह्या आहेत, बाईंची चूक नाही. पण पोराच्या डोक्यात काय बसलं? की ‘शकणे’च्या मागे ‘एबल टू’ नावाचं शेपूट कधीकधी लागतं. कधी लागतं हे कुणी सांगितलं नाही. मग ते सावधगिरी म्हणून सगळीकडेच लावतं. माझ्या मते ‘कॅन एबल टू’चा जन्म असा होतो. हे आळशी पोराचं काम नाही. नियम अर्धाच हाती लागला, आणि तोही प्रामाणिकपणे वापरला, की असंच होणार.

यात एक गंमत आहे. ‘कॅन’ हा शब्द मुळात ‘शकणे’चा नातेवाईकच नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ होता ‘ठाऊक असणं’. भाषाशास्त्रज्ञ त्याला ज्या जुन्या धातूपर्यंत नेतात, त्याच धातूतून संस्कृतातला ‘ज्ञा’ आला, आणि ‘ज्ञा’मधून आपलं ‘जाणणे’. म्हणजे ‘कॅन’ आणि ‘जाणणे’ हे लांबचे भाऊ! ‘शकणे’ आलं ते संस्कृतातल्या ‘शक्’ धातूपासून, जिथून ‘शक्ती’ आणि ‘शक्य’ येतात. आणि ‘एबल’ आलं लॅटिनमधून फ्रेंचमार्गे. मूळ अर्थ हाताळायला सोपा, हाताशी असलेला. तीन शब्द, तीन घराणी, आणि आपण त्यांना वहीच्या एका ओळीत कोंबून मध्ये बरोबरचं चिन्ह काढलं.

त्यापेक्षा मराठीतली खरी वाटणी मुलांना दाखवली असती तर? आपल्याकडे क्षमतेसाठी एक शब्द नाही, अख्खं कपाट आहे. मला पोहता येतं, म्हणजे शिकलोय. आज पोहायला जमणार नाही, म्हणजे वेळ नाही. एवढं अंतर झेपणार नाही, म्हणजे ताकद नाही. क्लासची फी परवडत नाही, म्हणजे पैसे नाहीत. हे माझ्याने होणार नाही, म्हणजे मन तयार नाही. मराठी पोराला क्षमतेबद्दल इतकं बारीक बोलता येतं. इंग्रजीत यातल्या बहुतेक ठिकाणी एकटं ‘कॅन’ किंवा ‘कान्ट’ पुरतं. इतकी श्रीमंत भाषा घेऊन आलेल्या मुलाला आपण सांगतो, ‘तुझं कम्युनिकेशन कच्चं आहे.’

‘शकलो’ आणि ‘शकत होतो’

‘कॅन एबल टू’ला हसणारे स्वतः जी चूक रोज करतात, ती कुणाच्याच स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. ती आहे ‘कुड’ची.

समजा, रात्री दीड वाजता सर्व्हर पडलाय. तुम्ही दोन तास झटून डेटा परत आणलाय. सकाळी परदेशातल्या मॅनेजरला मेल लिहिता: ‘आय कुड रिस्टोअर द डेटा.’ तुम्हाला म्हणायचंय, मी डेटा परत आणू शकलो. तो वाचतो, मी डेटा परत आणू शकेन, तुम्ही म्हणत असाल तर. आणि उत्तर पाठवतो, ‘प्लीज गो अहेड.’ रात्रीची सगळी मेहनत एका शब्दात पाण्यात. इथे हवं होतं ‘आय वॉज एबल टू रिस्टोअर’, किंवा त्याहून सरळ, ‘आय रिस्टोअर्ड’.

नियम साधा आहे. अंगात क्षमता होती, एवढंच सांगायचं तर ‘कुड’. त्या एका वेळी ते काम खरंच पार पाडलं, हे सांगायचं तर ‘वॉज एबल टू’ किंवा ‘मॅनेज्ड टू’. नकारात मात्र ‘कुडन्ट’ दोन्हीकडे चालतं.

मराठी माणसाला हा फरक जन्मापासून येतो. ‘लहानपणी मी झाडावर चढू शकत होतो’ आणि ‘काल मी त्या झाडावर चढू शकलो’ यांत कुणीही गोंधळ करत नाही. पहिलं ‘कुड’, दुसरं ‘वॉज एबल टू’. एका ओळीत शिकवून होतं. इंग्रजी शिकवायला मराठी अडचण आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे एक उदाहरण घेऊन आठवीच्या वर्गात जावं. ‘इंग्रजीच्या तासाला मराठी बोलायचं नाही’ या नियमाने जितकं इंग्रजी बुडवलं, तितकं कुठल्याच परीक्षेने बुडवलं नसेल.

जोर देताना

आता मुद्द्यावर. ‘मी करू शकतो’ हे इंग्रजीत ठासून सांगायचं असेल तर काय लिहायचं?

मराठीत आपल्याकडे ‘च’ आहे. मीच हे करू शकतो. मी हेच करू शकतो. मी हे करूच शकतो. मी हे करू शकतोच. एक अक्षर इकडून तिकडे सरकवलं की अख्खा अर्थ फिरतो, आणि तो कागदावर दिसतो. इंग्रजीत हे काम गळा करतो. बोलताना ‘आय’वर जोर दिला की ‘मीच’, ‘कॅन’वर दिला की ‘शकतोच’. कागदावर गळा नसतो. म्हणून लिहिताना जोडशब्द येतात, आणि ते पुस्तकातला अर्थ बघून वापरले की फसवतात.

‘मोअर दॅन केपेबल’ घ्या. त्यापुढे ‘ऑफ’ आणि ‘आयएनजी’वालं रूप: ‘मोअर दॅन केपेबल ऑफ लीडिंग द टीम’. ‘केपेबल टू लीड’ चूक. पण व्याकरणापेक्षा महत्त्वाचं म्हणजे, हे वाक्य शोभतं दुसऱ्याच्या तोंडी. तुमच्या सरांनी शिफारसपत्रात लिहिलं तर शाबासकी. तुम्ही स्वतःबद्दल लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटतं की कुणीतरी याच्यावर शंका घेतली होती आणि हा त्याला उत्तर देतोय.

‘परफेक्टली केपेबल’ त्याहून नाजूक. ‘आय ॲम परफेक्टली केपेबल ऑफ डूइंग इट’ यात ‘मला पूर्णपणे जमतं’ एवढंच नाही. अनेकदा त्यात ‘तुम्ही मध्ये पडू नका’ हा तोराही ऐकू येतो. नोकरीच्या अर्जात हा तोरा घेऊन जायचं का, ते तुम्हीच ठरवा. शिवाय ‘केपेबल ऑफ’ वाईट गोष्टींनाही लागतं. आपण नाही का म्हणत, ‘त्याचा काही नेम नाही, तो काहीही करू शकतो’? इंग्रजीतही ‘केपेबल ऑफ एनिथिंग’ हे कौतुक असेलच असं नाही.

‘कॅन व्हेरी वेल’ हा आपल्या अर्जांचा लाडका. ‘आय कॅन व्हेरी वेल हँडल जावा.’ लिहिणाऱ्याला म्हणायचंय की मला जावा फार चांगलं येतं. तसं असेल तर ‘व्हेरी वेल’ वाक्याच्या शेवटी न्या. मध्ये ठेवलं की अर्थ होतो, ‘हाताळूच शकतो की, त्यात काय मोठं?’ आणि नकारात तर वेगळंच. ‘आय कान्ट व्हेरी वेल से नो’ म्हणजे मला नकार द्यायला चांगलं येत नाही असं नव्हे. ते म्हणजे ‘आता नाही कसं म्हणू?’

‘एबल टू’वरच जोर द्यायचा असेल तर ‘वेल एबल टू’ किंवा ‘क्वाइट एबल टू’. ‘व्हेरी’ चालतं ते ‘व्हेरी एबल ऑफिसर’मध्ये, म्हणजे माणसाच्या गुणाला. ‘व्हेरी एबल टू’ खटकतं.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, केवढी कटकट. खरंय. म्हणूनच म्हणतो, हे जोडशब्द अर्जात वापरूच नका. ते बरोबर वापरता यावेत ते वाचताना फसू नये म्हणून, आणि दुसऱ्याबद्दल लिहिताना शोभावेत म्हणून. स्वतःबद्दल लिहिताना त्यांचा जोर उलटा लागतो.

आमच्या धंद्यात तर हे आम्हाला पक्कं ठाऊक असायला हवं. इंटरनेटचे नियम ज्या कागदांवर चालतात, त्यांत 1997 सालचा एक छोटा कागद आहे, आरएफसी 2119. त्यात ‘मस्ट’, ‘शुड’, ‘मे’ या शब्दांचे अर्थ बांधून दिलेत. ‘मस्ट’ म्हणजे सक्ती, ‘शुड’ म्हणजे सबळ कारण असल्याशिवाय सोडायचं नाही, ‘मे’ म्हणजे ऐच्छिक. त्या यादीत ‘कॅन’ नाही. आंतरराष्ट्रीय मानकं लिहिणाऱ्या आयएसओच्या नियमांत ‘कॅन’ आहे, पण फक्त शक्यता आणि क्षमतेसाठी, परवानगीला ‘मे’. म्हणजे जिथे खरोखर काही पणाला लागलेलं असतं, तिथे लोक जोर वाढवत नाहीत. ते शब्द कमी करतात आणि प्रत्येकाचं वजन ठरवून घेतात.

जोराची भूक कुणी लावली?

आता ज्यांना हसायला हवं होतं आणि ज्यांना कुणी हसत नाही, त्यांच्याकडे वळू.

आमच्याकडच्या जवळजवळ प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात शेवटच्या वर्षाला ‘कम्युनिकेशन स्किल्स’चे सर येतात. आमच्याही कॉलेजात आले होते. टाय, क्लिकर, दोन दिवसांचं वर्कशॉप. त्यांनी एक पान वाटलं होतं, अर्जात लिहायच्या तयार वाक्यांचं. ‘हायली मोटिव्हेटेड’, ‘डायनॅमिक’, ‘केपेबल ऑफ वर्किंग अंडर एनी सर्कमस्टन्सेस’. अख्ख्या वर्गाने तेच उतरवून काढलं. साठ पोरांचे साठ अर्ज, आणि सगळ्यांचं ‘ऑब्जेक्टिव्ह’ एकच. एकाही पोराला कुणी विचारलं नाही, ‘तू केलंयस काय?’

या शिकवणीने पोरांना एकच गोष्ट पक्की शिकवली: तुम्ही जसे आहात तसे पुरेसे नाही, वर रंग द्या. आरशासमोर उभं राहून ‘आय कॅन डू इट’ म्हणा. मग ते पोरगं अर्जात ‘कॅन’ लिहितं, त्याला धाकधूक वाटते, आणि ते ‘एबल’ जोडतं. त्या जादा शब्दातून मला धाकधूक ऐकू येते. समोरच्याला मात्र फक्त चूक दिसते.

आणि हेच पोरगं गावात कसं बोलतं? ट्रॅक्टर बंद पडलाय, कुणी विचारतं, ‘जमतंय का रं?’ ते पाना उचलत म्हणतं, ‘जमतंय की!’ सातारा-सांगलीकडचा हा ‘की’ बघा. यात बढाई नाही, काकुळती नाही. ‘त्यात काय विचारायचं, बघ आता’ एवढंच आहे. आणि लगेच हात चालू. क्षमतेवर जोर द्यायचा इतका नेमका, इतका शांत प्रकार मला इंग्रजीत अजून सापडलेला नाही. ‘जमतंय की’ म्हणणारा पोरगा अर्ज लिहायला बसला की ‘आय कॅन एबल टू वर्क अंडर एनी सर्कमस्टन्सेस’ कसा होतो? त्याच्यातला ‘की’ कुणी काढून घेतला, हा खरा प्रश्न आहे.

आपल्याच मातीतली माणसं आठवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर बनवले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी काही काळ हेच किर्लोस्करांचे नांगर विकण्याचं काम केलं, आणि 1919 साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली. 1924 मध्ये ती साताऱ्याला आली. नांगर विकायला विशेषणं पुरत नाहीत. शेतकरी तो रानात घालून बघतो, फाळ किती खोल जातो ते बघतो, मग पैसे काढतो. ‘कमवा आणि शिका’ या रयतेच्या रीतीतही हेच आहे. आधी काम, मग बोलणं. या दोन जिल्ह्यांतल्या पोरांना स्वतःबद्दल पोकळ बोलायला शिकवणं म्हणजे उलटी गंगा आहे.

‘शकतो’ खोडा, ‘केलं’ लिहा

गेल्या वर्षी एक अर्ज आला. पहिल्याच ओळीत ‘आय कॅन एबल टू वर्क इन जावा’. स्क्रीनशॉटवाल्यांना तेवढं पुरलं. शेवटी, छंदांच्या जरा वर, एक ओळ होती: ‘मिनी प्रोजेक्ट, डेअरी’. इंटरव्ह्यूला बोलावून विचारलं, हे काय आहे. इंग्रजीत अडखळायला लागला, म्हणून मराठीत विचारलं. तर गावच्या दूध संकलन केंद्रासाठी त्याने प्रोग्राम लिहिला होता. फॅट आणि एसएनएफचे आकडे टाकले की दर निघतो, दहा दिवसांचं बिल निघतं, उचल वजा होते. वीज गेली तर नोंद हरवू नये म्हणून काय केलं, हेही त्याने सांगितलं. रोज पहाटे केंद्रावर तो प्रोग्राम चालतो. बिल चुकलं तर शेतकरी दारात येऊन बोलतो. आमच्याकडच्या अनुभवी लोकांनाही इतका कडक ग्राहक मिळालेला नसतो.

या पोराच्या अर्जात पहिल्या ओळीला काय हवं होतं? ‘आय बिल्ट द सॉफ्टवेअर अवर व्हिलेज डेअरी यूझेस एव्हरी मॉर्निंग टू पे फार्मर्स.’ बघा, ‘कॅन’ नाही, ‘एबल’ नाही, ‘केपेबल’ नाही. एक साधा भूतकाळ, एक साधा वर्तमानकाळ, आणि दोन्ही त्याला सातवीतच येत होते. इंग्रजी तेवढंच राहिलं. सांगण्यासारखं काय आहे, हे फक्त कुणीतरी त्याला सांगायला हवं होतं.

म्हणून अर्ज लिहिणाऱ्यांना माझं एकच सांगणं. लिहून झालं की जिथे जिथे ‘शकतो’ आहे तिथे बोट ठेवा आणि स्वतःला विचारा, मी हे कधी, कुठे, कुणासाठी केलंय? उत्तर असेल तर ‘शकतो’ खोडा आणि ते उत्तर लिहा. उत्तर नसेल तर ओळच खोडा. अर्ज छोटा होईल. होऊ द्या. जिथे ‘शकतो’ खरंच लागेल, म्हणजे ‘एक तारखेपासून रुजू होऊ शकतो’, तिथे एकटं ‘कॅन’ लिहा: ‘आय कॅन जॉइन ऑन द फर्स्ट.’

दोन आक्षेप

पहिला आक्षेप: भारतीय इंग्रजी ही वेगळी बोली आहे, मग ‘कॅन एबल टू’ का चालू नये? ‘प्रीपोन’ चाललंच ना? चाललं, आणि ऑक्सफर्डच्या कोशातही गेलं. कारण ‘पोस्टपोन’च्या उलट म्हणायला एका शब्दाची गरज होती. आपण ती पोकळी भरली. ‘कॅन एबल टू’ कुठली पोकळी भरतं? ‘कॅन’मध्ये नसलेला कुठलाच अर्थ ते आणत नाही. आणि बोलीच्या अभिमानाची किंमत मोजतो कोण? असं म्हणणारे बहुतेक जण स्वतः उत्तम इंग्रजी लिहून पोटाला लागलेले असतात. ज्याचा अर्ज बाजूला पडतो, त्याला बोलीचा अभिमान पगार देत नाही.

दुसरा आक्षेप आजकाल जास्त ऐकू येतो: आता एआय सगळं शुद्ध करून देतो, मग हे शिकायचं कशाला? खरंय, ‘कॅन एबल टू’ हळूहळू नाहीसं होतंय. त्याच्या जागी काय येतंय ते बघा. ‘प्रूव्हन ॲबिलिटी टू डिलिव्हर’, ‘हायली केपेबल प्रोफेशनल’. व्याकरण चोख, आत हवा. वर्कशॉपवाल्या सरांचं पान आता फुकट आणि दोन सेकंदांत मिळतंय, एवढाच फरक. पूर्वी साठ पोरांचे अर्ज सारखे दिसायचे, आता सगळ्या देशाचे दिसतात. डेअरीवाल्या पोराची चूक यंत्र दुरुस्त करेल, पण त्याने पहाटेच्या केंद्राबद्दल सांगितलंच नाही तर यंत्राला ते कळणार कुठून? उलट त्या चुकीच्या ओळीवरून निदान एवढं तरी कळायचं की हे एका माणसाने स्वतः बसून लिहिलंय.

हिशेब तिघांचा

शिक्षकांना विनंती: ‘शकणे बरोबर कॅन’ हे फळ्यावरून पुसा. ‘शकतो’ला ‘कॅन’, ‘शकेन’ला ‘विल बी एबल टू’, ‘शकलो’ला ‘वॉज एबल टू’, ‘शकत होतो’ला ‘कुड’, अशा चार ओळी मराठीत समजावून लिहा. एका तासात होतं, आणि जन्मभर पुरतं.

कॉलेजांना विनंती: वर्कशॉपवाल्यांचे पैसे वाचवा. त्याच दोन दिवसांत प्रत्येक पोराकडून एकच पान लिहून घ्या, आधी मराठीत: मी आजवर काय बनवलं, काय दुरुस्त केलं, कुणाला त्याचा उपयोग झाला. मग ते पान इंग्रजीत न्यायला मदत करा. गॅरेजात काम केलेलं, द्राक्षाच्या बागेत औषधाचा हिशेब ठेवलेला, बेदाण्याच्या शेडवर वजनकाट्याचा गोंधळ निस्तरलेला, असं पोरगं या दोन जिल्ह्यांत शोधावं लागत नाही. त्याला फक्त ते सांगण्यासारखं वाटत नाही, कारण ते सांगण्यासारखं आहे असं त्याला कुणी म्हटलेलं नाही.

आणि आम्हा इंटरव्ह्यू घेणाऱ्यांना, ज्यांतले कितीतरी जण दहा-पंधरा वर्षांपूर्वी अशाच एसटीतून स्वारगेटला उतरले: दुसऱ्याच्या जादा ‘एबल’ला हसणं सोपं आहे. आमच्या मेलमधल्या ‘कुड’ला कुणी हसलं नाही, कारण तोपर्यंत आम्ही आत आलेलो होतो. दार उघडायचं काम आता आमच्याकडे आहे. अर्जात ‘कॅन एबल टू’ दिसलं तर दोन मिनिटं घ्या आणि त्या पोराला नियम सांगा, निवड होवो वा न होवो. मग पुढचा प्रश्न मराठीत विचारा: ‘काय काय केलंयस, सांग बघू.’

उत्तर जोरदार येतं की नाही ते बघा.